अर्ध्या शिक्क्याची कुऱ्हाड

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जाणाऱ्यांना माहीतच असेल, मंगळवार पेठेच्या बाजूला जमिनीवर ताडपत्री टाकून नट-बोल्ट, पाने, नळाच्या तोट्या, मोबाईलचे चार्जर, बंद पडलेली घड्याळं असं सगळं एकाच ढिगात मांडलेलं असतं. सहा-सात वर्षांपूर्वी एका रविवारी मी तिथं बेंच व्हाईस बघायला गेलो होतो आणि एका ढिगाच्या तळाशी कुऱ्हाडीचं नुसतं डोकं दिसलं, दांडा नाही, नखशिखांत गंज, आणि मागची बाजू कुणीतरी घणानं ठोकून ठोकून फुलवलेली. उचललं तर हाताला वजन वेगळंच लागलं. आमच्या गावाकडं लोहार करतो त्या जातीची ही नव्हती एवढं लगेच कळलं. विकणाऱ्यानं अडीचशे सांगितले, दीडशेला दिली.

मी चिंचवडला एका टूलरूममध्ये कामाला आहे, मशीन सगळी हाताशी, त्यामुळं सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती कुऱ्हाड घेतली, अँगल ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावली आणि दहा मिनिटांत दोन्ही गाल, म्हणजे सपाट बाजू, आरशासारखे करून टाकले. फोटो काढले, चार मित्रांना पाठवले, सगळ्यांनी वा वा केलं.

पुढच्या रविवारी परत बाजारात गेलो तर तिथं एक काका भेटले, आयुष्यभर फर्निचरचं काम केलेले सुतार मिस्त्री, आता हातातलं काम सोडलंय पण हत्यारं बघायला येतात. त्यांना मोठ्या उत्साहानं फोटो दाखवला. त्यांनी फोन डोळ्याजवळ धरला, फोटो मोठा करून बघितला आणि एवढंच विचारलं, "चमकवलीस छान, पण हिचा शिक्का कुठंय रे बाळा?"

मला शिक्का, म्हणजे कारखान्याच्या नावाचा ठसा वगैरे काही असतं हेच माहीत नव्हतं. घरी येऊन गॅलरीत उन्हात तिरकी धरून बघितली तेव्हा एका गालावर, नेढ्याच्या म्हणजे दांडा घालायच्या भोकाच्या खाली, अगदी पुसट दोन 'एल' दिसले शेजारी शेजारी, त्यांच्या आधी एक अर्धवट उभी रेघ, खाली १, ९, ४ आणि त्याच्या पुढचा आकडा गायब, आणि बाजूला बाणाचं नुसतं टोक. बाकी सगळं माझ्या डिस्कनं खाल्लेलं. सत्तर-पंचाहत्तर वर्षं गंजानं जे राखलं होतं ते मी दहा मिनिटांत उडवलं. त्या दिवशी खरंच जेवण गेलं नाही मला. आणि तिथूनच हा नाद लागला, की आता ही कुणाची, कुठली, कधीची हे शोधून काढायचंच.

काकांकडून पहिली गोष्ट शिकलो ती म्हणजे हत्यार घरी आणलं की आधी वाचायचं, मग घासायचं. मी आता काय करतो ते सांगतो. रॉकेलमध्ये नायलॉनचा ब्रश बुडवून वरची माती आणि ग्रीस काढायचं, तारेचा ब्रश नाही. मग रात्री खोलीतले दिवे बंद करून मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा, पृष्ठभागाला चिकटून धरायचा आणि हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरवायचा, खोलगट अक्षरांच्या सावल्या पडतात आणि दिवसा न दिसलेलं दिसायला लागतं. तरी नाही जमलं तर खडू चोळून हलक्या हातानं पुसायचं म्हणजे पांढरं फक्त खड्ड्यात राहतं, किंवा पातळ कागद ठेवून वरनं पेन्सिल घासायची. हे सगळं झालं, फोटो काढले, की मग सायट्रिक ऍसिड, किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं तेच, लिटरला साधारण पन्नास ग्रॅम, त्यात काही तास बुडवून ठेवायचं आणि दर तासाभरानं काढून बघायचं. रात्रभर विसरलात तर चांगल्या लोखंडालाही ते खातं. बाहेर काढलं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचं, लगेच कोरडं करायचं आणि तेल. लगेच म्हणजे लगेच, पावसाळ्यात पुण्याच्या हवेत पंधरा मिनिटांत परत तांबूस धरतं.

एक प्रयोग मी त्या कुऱ्हाडीवर केला तो फसला. चोरीच्या गाडीचा घासलेला इंजिन नंबर पोलिस ऍसिड लावून परत उमटवतात हे ऐकलं होतं. ते खरंय, थंड लोखंडावर पंच मारला की खालचं लोखंड आतपर्यंत दाबलं जातं आणि वरचा थर गेला तरी ऍसिड त्या दाबलेल्या जागी वेगळं काम करतं. मी व्हिनेगर लावून बसलो दोन संध्याकाळी, काही उमटलं नाही. घडीव हत्यारावर शिक्का बहुतेक वेळा ते तापलेलं असतानाच मारलेला असतो, तापलेल्या लोखंडात तो ताण शिल्लक राहत नाही, माझ्या कुऱ्हाडीचंही तसंच असावं. पण त्या व्हिनेगरनं दुसरी एक गोष्ट दाखवली, धारेकडचा भाग आणि मागचा भाग सारखाच करडा पडला, मध्ये कुठं रेघ नाही, म्हणजे ही एकाच पोलादाची होती. ही रेघ का महत्त्वाची ते पुढं सांगतो.

बाण मात्र वाया गेला नव्हता. कोंबडीच्या पायाचा ठसा कसा उमटतो तसा तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण, ब्रॉड ॲरो म्हणतात तिला, सैन्याच्या हत्यारांवर, डब्यांवर, पेट्यांवर सगळीकडं असते. त्या बाणाबरोबर इंग्रजी आय असेल तर तो माल हिंदुस्थान सरकारच्या खात्यातला. माझ्याकडं फक्त टोक उरलेलं, खाली आय होता का नव्हता देव जाणे. पण बाण अधिक १९४ म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासची फौजेची कुऱ्हाड, इथपर्यंत तरी पोचलो. आणि ती पुण्यात मिळाली याचं मला नवल वाटलं नाही, खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना, देहूरोडला डेपो, कॅम्प आहेच, लष्कराचा निकामी माल इथल्या भंगारात पिढ्यान् पिढ्या येतोय.

मग शिक्क्यांचंच वेड लागलं. दौंडला एका भंगारवाल्याकडं एक हातोडा मिळाला, त्याच्यावर ठळक जी.आय.पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३ साली सोडणारी तीच. ही कंपनी नोव्हेंबर १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली, त्यामुळं हातोड्यावर ही अक्षरं असली की तो त्याच्या आधीचा, डोळे झाकून. बी.बी.सी.आय. म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे असेल तर पश्चिम रेल्वेच्या जन्माआधीचा, मिरजेकडं कधी कधी एम.एस.एम. म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचं मिळतं. आपल्याकडच्या माणसाला काळ ठरवायला याच्याइतकी सोपी खूण दुसरी नाही, परदेशातली जाड जाड पुस्तकं लागत नाहीत. पण इथं एक कळकळीनं सांगतो, रेल्वेचा माल बेकायदा जवळ बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे, त्यामुळं हल्लीच्या खुणा असलेलं, नवंकोरं दिसणारं काही स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. जुनं घेतलं तरी मी दुकानदाराकडून कच्ची का होईना पावती लिहून घेतो.

पटाशींवर "वॉरंटेड कास्ट स्टील" असं दिसतं आणि बरेच जण ते वाचून बिडाचं, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाचं समजून सोडून देतात, मीही एक अशीच सोडली होती. ते बीड नाही. इंग्लंडमधल्या शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समननं १७४० च्या दशकात मातीच्या मुशीत पोलाद वितळवून ओतायची पद्धत बसवली, त्या मुशीतल्या पोलादाला तिकडं कास्ट स्टील म्हणायचे, आणि धार धरण्यात ते उत्तम. मुशीतलं पोलाद आपल्याकडं दक्षिणेत त्याच्या कितीतरी आधीपासून होत होतं, ज्याला जग वूट्झ म्हणतं, हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं होतं. दुसरी खूण देशाचं नाव. ब्रिटनमध्ये १८८७ ला मालावरच्या खोट्या खुणांबाबत कायदा आला, अमेरिकेनं १८९० च्या कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून नुसतं शेफील्ड लिहिलेलं आणि इंग्लंड लिहिलेलं यात बहुतेक वेळा पहिलं जुनं निघतं. बहुतेक वेळा म्हणतोय, नेहमी नाही.

सगळ्यात जास्त वेळ ज्याच्यात गेला तो स्टॅन्ली या अमेरिकन कंपनीचा रंधा. कराडच्या एका सुताराच्या घरातून आला, घरात आता कुणी ते काम करत नाही, त्यांच्या सुनेनं फडक्यात गुंडाळून ठेवला होता, देताना म्हणाल्या, "दादा, विकायला नेऊ नका, ठेवा." मी शब्द दिला. लोखंडी रंधा, पाच नंबर. पातं आणि ते ज्याच्यावर बसतं तो उतरता तुकडा काढला की मागं बिडातच ओतलेल्या तारखा दिसतात, अमेरिकन पेटंटच्या. माझ्या रंध्यावर तीन होत्या, २५ मार्च ०२, १९ ऑगस्ट ०२ आणि १९ एप्रिल १०. आता नवख्या माणसाला वाटतं की रंधा १९१० चा. तसं नसतं, ती पेटंटची तारीख, त्याच्या आधीचा नाही एवढंच ती सांगते. संग्राहकांनी हे रंधे जमवून, फरक मांडून त्यांचे प्रकार पाडलेत, कंपनीनं नाही, आणि त्यात तीन तारखांचा रंधा अकराव्या प्रकारात बसतो, साधारण १९१० ते १९१८. पुढच्या प्रकारात दोनच तारखा राहतात, त्याच्या पुढं एक. म्हणजे इथून पुढं तारखा कमी तसा रंधा नवा, असं इथं उलटं चालतं, आणि हे एका तक्त्यावरून पाठ करण्यापेक्षा दोन रंधे शेजारी ठेवून बघितलं की कायमचं डोक्यात बसतं.

पण पात्यावर बदामाच्या आकारात एस.डब्ल्यू. असा शिक्का निघाला आणि मी गोंधळलो. ते स्टॅन्ली वर्क्सचं चिन्ह, १९२० ला हे रंधे करणारी स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनी त्यांच्यात मिसळली त्यानंतरचं, १९३५ च्या सुमारापर्यंतचं. मग अंग आधीचं आणि पातं नंतरचं कसं? आधी वाटलं कुणीतरी दोन मोडके रंधे जोडून एक केलाय. काकांना दाखवला तर ते म्हणाले, "अरे सुताराचा रंधा आहे तो, कपाटातला नाही. पातं घासून घासून संपतं, तो नवीन आणून टाकतो." बघा ना, किती साधं उत्तर. कुणीतरी पहिलं पातं दगडावर लावून लावून पार संपवलं असेल, तेवढं काम त्यावर झालं असेल. मी ते पातं बदलून 'जुळणारं' शोधत बसलो नाही. ज्यांना सगळं एका सालचं लागतं त्यांचं त्यांच्याजवळ, माझ्या मते हा रंधा असाच पूर्ण आहे.

आणि मग येतात आपली गावठी हत्यारं, ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नसतं, आणि मला विचाराल तर खरी परीक्षा तिथंच. मी मूळचा पाटण तालुक्यातला. मामाच्या माळ्यावर एक तासणी, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, होती, कोकणातले माझे मित्र तिला वाकस म्हणतात. शिक्का नाही, तारीख नाही, लोहारानं आयुष्यात कधी नाव कोरलं नाही कारण गावाला माहीतच होतं कुणी केली ते. तिला कसं वाचायचं? कानस लावून बघितली, धारेवर कानस घसरते, मागं अंगात चावते, म्हणजे पाणी, तापवून बुडवून कडक करतात ते, फक्त धारेला दिलंय. नंतर कोपरा थोडा साफ करून व्हिनेगर लावलं आणि दहा-पंधरा मिनिटांनी धारेपासून दोन बोटं आत एक वाकडी रेघ उमटली, रेघेच्या पुढं काळसर, मागं फिकट, आणि फिकट भागात लाकडासारख्या बारीक लांब नसा. ती जी रेघ मी मगाशी म्हणत होतो ती ही. अंग जुन्या घडीव लोखंडाचं, त्या नसा म्हणजे त्यात अडकलेली मळी, आणि धारेला वेगळी पोलादाची पट्टी तापवून ठोकून एकजीव केलेली. पोलाद महाग होतं म्हणून जिथं लागतं तिथंच घालायचं. मी बघत बसलो होतो नुसता. ज्या लोहारानं हे केलं त्याच्याकडं ना थर्मामीटर ना काही, भात्यापुढं रंगावरून उष्णता ओळखायची आणि दोन-चार सेकंदांत घाव घालायचा, जरा इकडंतिकडं झालं की जोड सुटला.

मामा म्हणाले ही त्यांच्या वडलांच्याही आधीची. असेल, नसेल, मी वहीत "घरच्यांच्या सांगण्यानुसार" असं लिहिलंय. ट्रकच्या कमानपाट्यापासून केलेली हत्यारं वेगळी ओळखू येतात, ती सबंध एकाच पोलादाची असतात, ग्राइंडरवर कुठंही टेकवलं तरी ठिणगी फुटून चांदण्या होतात, घडीव लोखंडाच्या ठिणग्या मात्र लांब सरळ जातात. पण ग्राइंडर टेकवायचाच असेल तर नेढ्याच्या आतल्या कडेला, दिसणार नाही अशा जागी, एक क्षण. मी आता शक्यतो टेकवतच नाही. टाटांचं अॅग्रिको छापाचं फावडं-टिकाव हे आणखी तिसरंच प्रकरण, १९२० च्या दशकापासूनचं, त्याच्यावर कुणी नीट बसून काम करायला पाहिजे असं फार वाटतं, कारण भंगारात ते किलोवर जातं आणि कुणी मागं वळून बघत नाही. केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे बघून माणसं थक्क होतात, तशी एक भिंत वाकस, खतावणी, सामता, गिरमिट या सुतारी हत्यारांची कुठंतरी असावी. हे शब्दसुद्धा माझ्या मुलीच्या वयाच्या कुणाला माहीत नाहीत.

पहिल्या कुऱ्हाडीकडं परत येतो. दोन एलवर शेवट होणारं नाव. फौजेला कुऱ्हाडी पुरवणाऱ्या इंग्रजी कारखान्यांची जी नावं मला सापडली त्यात ब्रेड्स होतं, गिल्पिन होतं आणि एलवेल होतं, एडवर्ड एलवेल, स्टॅफर्डशायरमधल्या वेन्सबरीला १८१७ पासूनचा कारखाना. दोन एलनं संपणारं एकच. पण नाव जुळलं म्हणजे झालं असं मी धरलं नाही, अक्षरांची उंची, दोन एलमधलं अंतर, नेढ्यापासून शिक्का किती खाली हे सगळं व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापाच्या कॅलिपरनं, मोजून वहीत लिहिलं आणि थांबलो. जवळजवळ तीन वर्षं. मध्ये मुंबईला चोर बाजारात दोनदा जाऊन आलो, तिथं महागड्या पितळी वस्तूंच्या गर्दीत कुऱ्हाडी बघितल्या पण त्या दुसऱ्याच निघाल्या.

दुसरी मिळाली ती शेवटी खडकीलाच, एका भंगाराच्या दुकानात दार उघडं राहावं म्हणून टेकवलेली. दुकानदाराला म्हणलं हात लावू का, तो म्हणाला घेऊन जा, मला दाराला दगड चालतो. तीनशे दिले. या वेळी डिस्क नाही, ब्रश नाही, घरी आणून रॉकेल, अंधार, टॉर्च. एलवेल, पूर्ण, सगळी सहा अक्षरं. खाली १९४३. शेजारी बाण. दुसऱ्या गालावर ४½, म्हणजे साडेचार पौंड, आपले दोन किलो चाळीस ग्रॅम. व्हर्नियर काढला आणि एल एल मोजले, जुळले. नेढ्यापासूनचं अंतर, जुळलं. बायकोला रात्री अकराला उठवून दाखवलं, तिनंही उठून नीट बघितलं, हात फिरवला अक्षरांवरनं.

मग दोन्ही किराणा दुकानाच्या काट्यावर टाकल्या. दुसरी भरली एक किलो नऊशे साठ, म्हणजे धार काढण्यात ऐंशी ग्रॅम गेलेले. माझी पहिली एक किलो सातशे नव्वद. तीही साडेचार पौंडांचीच धरली तर अडीचशे ग्रॅम गेलेत तिचे, त्यातले किती जुन्या मालकानं झाडं तोडताना घालवले आणि किती मी त्या सोमवारी, ते वेगळं काढता येत नाही.

दांडा पहिल्यालाच घातला. मामांनी धामणीचं लाकूड दिलं, आमच्याकडं कुऱ्हाडीला धामणच, घाव बसल्यावर थोडं लवतं आणि हाताला झिणझिण्या येत नाहीत, काही जण धावडा घालतात तोही चिवट पण माझ्या मते जरा जड. वर्षभर सावलीत वाळवलं. गावठी कुऱ्हाडीचं नेढं आमच्याकडं बहुतेक गोल, हिचं लांबट अंड्यासारखं, त्यामुळं मामांनी आणि मी मिळून चार वेळा तासून, काजळी लावून, कुठं टेकतंय बघून बसवला, वरनं चीर पाडून लाकडाची पाचर मारली. गावात दांडा ढिला झाला की कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवतात, तेवढं करू नका, लाकूड फुगतं, नेढ्यात दाबलं जातं आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षा ढिलं होतं. जवसाचं तेल द्या दांड्याला, दोन-तीन हात, आणि तेलाची चिंधी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते, पाण्यात भिजवून मग टाका.

परवा काका आले होते घरी. दोन्ही शेजारी ठेवल्या. दुसरीकडं त्यांनी एकदा बघितलं, पहिली मात्र बराच वेळ हातात घेऊन बसले, अंगठा त्या दोन एलवर. मग माझी वही मागितली. दुसरीपुढं लिहिलंय एलवेल, वेन्सबरी, १९४३, साडेचार पौंड. पहिलीपुढं एलवेल, वेन्सबरी, आणि सालाच्या रकान्यात १९४ लिहून एक जागा मोकळी सोडलीय. काका म्हणाले ती तशीच राहू दे, अंदाजानं आकडा भरू नकोस. मी भरलेला नाही.